दिवाळीपर्यंत जीव थांबतो का?

“डॉक्टरसाहेब, बाबा दिवाळी तरी काढतील ना?”

घरातील वयस्क माणूस अंथरुणाला खिळला, आजार हाताबाहेर गेला, की नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. यवतमाळ असो, पुसद असो की झरी-जामणीकडचे एखादे खेडे असो, प्रश्न तोच असतो. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी नागपूरला दिलेली. दिवाळीला सर्व जण येणारच आहेत, तोवर बाबांनी तग धरला म्हणजे सगळ्यांची भेट होईल, असे घरच्यांना वाटते. गावातील जाणती मंडळीही धीर देतात, “काळजी करू नका, लेकाचे तोंड पाहिल्याशिवाय त्यांचा जीव जायचा नाही.”

बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. परंतु या समजुतीवर विसंबून मुलाला निरोप धाडायला चार दिवस उशीर झाला, तर काय? मुलगा येतो तेव्हा अंगणात पाणी तापत असते. मग तो आयुष्यभर मनाला लावून घेतो, “बाबा माझ्यासाठी थांबले नाहीत.” म्हणून ही समजूत खरी की खोटी, हे तपासून पाहणे आवश्यक आहे. ते कसे तपासतात, हे आज आपण पाहू.

समजूत जुनी, आणि सर्वदूर

मरणाची वेळ माणूस काही प्रमाणात पुढे ढकलू शकतो, ही कल्पना आपल्याकडे महाभारतापासून आहे. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहत थांबले, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. “लेकीत जीव अडकला आहे”, “प्राण कंठाशी आणून वाट पाहत होते” हे शब्दप्रयोग त्याच विश्वासातून आलेले आहेत.

इतर देशांतही हाच विश्वास आढळतो. अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन, हे दोघेही एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी वारले. तो त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पन्नासावा वाढदिवस होता! दोघांनी त्या दिवसासाठी प्राण रोखून धरले होते, असे तेथील लोक आजही सांगतात.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. आचार्य विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा होता. मात्र विनोबांनी त्याआधी काही दिवस अन्न आणि औषध घेणे स्वतःहून सोडले होते. म्हणजे त्यांनी मरण लांबवले नव्हते, त्याला सामोरे गेले होते. तेव्हा या उदाहरणावरून सर्वसामान्य रुग्णाविषयी काही अनुमान काढता येत नाही.

आठवणींचा हिशेब कच्चा

“आमच्या आजी दिवाळीचा फराळ खाऊन गेल्या”, “आमचे काका एकादशीलाच गेले, भाग्यवान!” असे अनुभव प्रत्येक घरात सांगितले जातात. ते खरेच असतात. पण त्यांचा हिशेब नीट मांडला जात नाही.

एक साधी गंमत पाहा. वर्षात सुमारे २४ एकादशा, १२ पौर्णिमा, १२ अमावस्या आणि १२ संकष्ट्या येतात. हे ६० दिवस झाले. “एकादशीच्या आदल्या दिवशी”, “पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी” असेही आपण म्हणतोच. प्रत्येक तिथीचा आदला आणि नंतरचा दिवस धरला, तर १८० दिवस होतात. म्हणजे जवळजवळ अर्धे वर्ष! त्यात सणवार, वाढदिवस, लग्नाची तिथी आणि आजोबांची पुण्यतिथी मिळवली, तर कोणताही मृत्यू कशाला ना कशाला लागूनच येणार. दिवस आधी ठरलेला नसतो, मृत्यूनंतर आपण तो शोधून काढतो.

शिवाय जे जुळले तेवढेच लक्षात राहते. दिवाळीनंतर दोन दिवसांनी गेलेल्या माणसाची गोष्ट दहा वर्षे सांगितली जाते. दिवाळीच्या दोन दिवस आधी गेलेल्या माणसाची फक्त तेरवी होते, गोष्ट होत नाही.

कसोटी कशी लावतात?

अशा वेळी संख्याशास्त्र मदतीला येते. त्याची रीत न्यायालयासारखी आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष समजला जातो. तसेच येथे सुरुवातीला असे धरून चालायचे, की सणाचा आणि मरणाचा काहीही संबंध नाही. याला ‘शून्य परिकल्पना’ म्हणतात. मग प्रत्यक्ष नोंदी पाहायच्या, आणि विचारायचे: संबंध नसताना, निव्वळ योगायोगाने, असे आकडे येऊ शकले असते का? सहज येऊ शकले असते, तर संबंधाचा पुरावा मिळाला नाही असे म्हणायचे. योगायोगाने येणे फारच अवघड असेल, तरच शून्य परिकल्पना सोडून द्यायची.

योगायोग किती फरक घडवतो, हे नाणे उडवून कळते. नाणे दहा वेळा उडवले आणि सात वेळा छाप पडला, तर त्यात नवल नाही. सहांपैकी साधारण एका खेपेस सात किंवा जास्त छाप पडतातच. शंभर वेळा उडवले तर छाप साधारण ४० ते ६० च्या दरम्यान पडतात. वीस खेपांत एखाद्याच वेळी आकडा याबाहेर जातो. म्हणून शंभरात ७० छाप पडले, तर मात्र नाण्यातच काही खोट आहे असा संशय घ्यावा.

अशी कसोटी आपल्या महाराष्ट्रात एका वेगळ्या समजुतीला लावली गेली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील, हे ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी सुमारे ५० टक्के बरोबर आली असती! या प्रयोगात महत्त्वाचे हे, की काय तपासायचे आणि कसे मोजायचे ते सर्व आधी ठरलेले होते.

अमेरिकेतील तपास

मरण पुढे ढकलता येते का, याचा तपास कॅलिफोर्नियातील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी केला. तेथे चिनी वंशाचे पुष्कळ लोक राहतात. आपल्या कोजागरीसारखा शरद ऋतूतील पौर्णिमेचा एक सण त्यांच्यात मोठा असतो, आणि त्या दिवशी घरातील सर्वांत वडीलधारी बाई स्वयंपाकघराची सूत्रे हाती घेते. तेव्हा अशा आजीबाई सणासाठी थांबत असतील, असा तर्क होता. १९६० ते १९८४ या काळातील ७५ वर्षांवरील चिनी स्त्रियांच्या नोंदी काढल्या. सणाच्या आधीच्या आठवड्यात ३३ मृत्यू, नंतरच्या आठवड्यात ७० मृत्यू!

एकूण १०३. संबंध नसता तर दोन्हीकडे ५१-५२ मृत्यू यायला हवे होते. योगायोगाचा खेळ धरला, तरी आकडा ४१ ते ६२ च्या आत राहायला हवा होता. ७० हा त्याच्या बराच बाहेर आहे. निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. १९९० साली हा निष्कर्ष ‘जामा’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला.

येथेच थांबलो असतो, तर आपल्या गावातील जाणत्यांचे म्हणणे खरे ठरले असते. पण शास्त्रात एका साक्षीवर निकाल लागत नाही. पुढे गॅरी स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने त्याच सणाची नवी आकडेवारी तपासली. २००४ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला: नव्या नोंदींत तो परिणाम दिसत नाही.

त्याच वर्षी ‘जामा’मध्येच आणखी मोठा तपास प्रसिद्ध झाला. डॉन यंग आणि एरिन हेड यांनी ओहायो राज्यातील १९८९ ते २००० या बारा वर्षांत कर्करोगाने झालेले ३ लाख ९ हजारांहून अधिक मृत्यू घेतले. नाताळ, ‘थँक्सगिव्हिंग’ हा तेथील कौटुंबिक सण, आणि रुग्णाचा स्वतःचा वाढदिवस, अशा तीन दिवसांच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा ताडून पाहिला. मरण पुढे ढकलले गेल्याचा पुरावा एकाही प्रसंगी मिळाला नाही. उलट, स्त्रियांमध्ये वाढदिवसाच्या आधीच्याच आठवड्यात मृत्यू किंचित जास्त आढळले!

मग १९९० चे ते आकडे खोटे होते का? नाही. आकडे खरे होते. पण वय, लिंग, जात, सण असे अनेक गट पाडून पाहिले, की कुठेतरी मोठा फरक योगायोगानेही सापडतो. वीसात एकदा चुकणारी कसोटी वीस निरनिराळ्या गटांना लावली, तर निदान एका ठिकाणी ती फसण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून एकदा सापडलेली गोष्ट नव्या नोंदींवर पुन्हा तपासावी लागते. पुन्हा सापडली तरच ती खरी.

आपल्या जिल्ह्यात पाहायचे तर

जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत करणे १९६९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे असा तपास यवतमाळ जिल्ह्यातही करता येईल. एखाद्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन तो जरूर करावा.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. मृत्युदर हजारी ६ धरला, तर वर्षाला सुमारे १६,६०० मृत्यू, म्हणजे रोज साधारण ४५ होतात. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस घेतले, तर सुमारे ६४० मृत्यू येतील. संबंध नसेल तर दोन्हीकडे ३२० च्या आसपास. योगायोगाने २५ इकडे-तिकडे होतील. आधीच्या आठवड्यात २९५ ते ३४५ असा कोणताही आकडा आला, तर त्यात विशेष काही नाही. मात्र चिनी आजीबाईंइतका मोठा परिणाम सर्वांवर होत असता, तर आधी सुमारे २१० आणि नंतर ४३० असे आकडे आले असते. एवढा फरक लपून राहत नाही.

तपास करताना काही पथ्ये पाळावी लागतील. नोंद केल्याची तारीख नव्हे, मृत्यूची तारीख घ्यावी. अपघात, सर्पदंश, विषबाधा, भाजणे असे मृत्यू वगळावेत. लक्ष्मीपूजनाचा दिवस कोणत्या बाजूला मोजायचा, हे आधीच ठरवावे. थंडीत वृद्धांचे मृत्यू वाढतात. म्हणून एकच वर्ष न घेता दहा वर्षे घ्यावीत. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते, त्यामुळे थंडीचा परिणाम वेगळा काढता येतो.

आता दोन हजार वस्तीच्या खेड्याचा विचार करा. तेथे वर्षाला बारा मृत्यू. दिवाळीच्या मागे-पुढे मिळून दोन आठवड्यांत एखादा झाला तर झाला. एवढ्या थोड्या अनुभवावरून गावातील अत्यंत प्रामाणिक माणूससुद्धा खरे-खोटे ठरवू शकत नाही.

“लेक आला आणि प्राण सोडला”

सणाचे ठीक आहे, पण मुलगा आला आणि तासाभरात वडील गेले, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले, असे पुष्कळ वाचक म्हणतील. पाहिले असेलच. पण मुलाला निरोप केव्हा गेला होता, ते आठवून पाहा. डॉक्टरांनी “आता बोलावून घ्या” असे सांगितले, तेव्हा. म्हणजे शेवट अगदी जवळ आला, तेव्हाच. मुलगा रात्रभर प्रवास करून धामणगावला उतरला आणि एस. टी. ने घरी पोचला. तोवर शेवट आणखी जवळ आलेला असतो. निरोप मरणाच्या तोंडावर गेला, म्हणून मुलाचे येणे आणि वडिलांचे जाणे एकमेकांजवळ पडतात. कधी मुलगा तासभर आधी पोचतो, कधी तासभर उशिरा. आधी पोचला, तर “थांबले होते” म्हणतात. उशिरा पोचला, तर “नशिबात भेट नव्हती” म्हणतात.

येथे एक खुलासा करायला हवा. अशा तपासातून कोणा एका व्यक्तीविषयी निकाल देता येत नाही. आवडते माणूस जवळ असले, की रुग्ण दोन घास जास्त खातो, औषधाला नाही म्हणत नाही, शांत झोपतो. त्याचे मोल आहेच. एखाद्याने काही तास तग धरलाच नसेल, असे कोणी सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगता येते, की असे नेहमी घडत असते, तर लाखो नोंदींत ते दिसले असते. ते दिसलेले नाही. तेव्हा त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

लांबतो तो उपचार

सणासुदीला एक गोष्ट मात्र खरोखर पुढे ढकलली जाते, ती म्हणजे दवाखान्यात जाणे. छातीत कळ आली तरी “पोळा होऊ द्या”, “महालक्ष्म्या घरी आहेत, उठल्या की जाऊ”, “लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दवाखाना कुठे दाखवता” असे म्हणत लोक दुखणे अंगावर काढतात. सणाच्या दिवशी आजारी पडून घरच्यांचा विरस करू नये, म्हणून घरातील बाई तर तोंडातून शब्द काढत नाही.

याचे परिणाम काय होऊ शकतात? फिलिप्स यांनीच सहकाऱ्यांसह २००४ साली अमेरिकेतील १९७३ ते २००१ या काळातील मृत्यू तपासले. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत हृदयविकाराचे मृत्यू कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. थंडीचा परिणाम वेगळा काढल्यावरही ही वाढ राहिली. त्याचे एक संभाव्य कारण त्यांनी असे सांगितले, की सणामुळे लोक उपचाराला उशीर करतात. हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघातात पहिले काही तास लाखमोलाचे असतात.

हे लक्षात ठेवा

१. आजार बरा होणारा नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की “किती दिवस” एवढेच विचारू नका. “मुलांना आता बोलावू का?” असे स्पष्ट विचारा.

२. रुग्णाचे खाणे-पिणे जवळजवळ बंद होणे, दिवसातील बराच वेळ झोपेत जाणे, लघवी फार कमी होणे, हातपाय गार पडणे, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे, ही शेवट जवळ आल्याची लक्षणे असू शकतात. ती दिसल्यावर सणाची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

३. हीच लक्षणे बऱ्या होणाऱ्या आजारातही दिसू शकतात. म्हणून “आता काय उरले” असे घरच्या घरी ठरवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

४. रुग्ण बोलत नसला, तरी त्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते. दूरचा मुलगा पोचू शकत नसेल, तर फोन रुग्णाच्या कानाशी धरा. जे सांगायचे ते सांगून घ्या.

५. शेवटच्या दिवसांतील वेदना आणि धाप यांवर औषधे आहेत. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे त्याविषयी विचारा. “थांबण्यासाठी” रुग्णाने कळा सोसाव्यात, असे कोणालाही वाटणार नाही.

६. छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे: दिवस कोणताही असो, १०८ क्रमांकावर फोन करा.

शेवटी, ज्यांना पोचायला उशीर झाला त्यांच्यासाठी दोन शब्द. आई तुमच्यावर रागावून गेली नाही. वडिलांच्या मायेत काही कमी पडले, म्हणून ते थांबले नाहीत असेही नाही. थांबणे त्यांच्या हातात नव्हते. हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांना पंचांग वाचता येत नाही. ज्यांचे आईवडील आज अंथरुणावर आहेत, त्यांनी मात्र दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात घरी जाऊन यावे.